बाळ येण्याआधीची खरेदी: आधी वाळत घालायची दोरी पाहा

दुकानात मिळणारा नवजात बाळाचा तयार सेट दिसतो गोड, पण त्यातलं निम्मं सामान महिनाभर तसंच पडून राहतं. पहिल्या दीड महिन्यात बाळाला लागतं ते मुख्यतः कापड, आणि ते सारखं ओलं होणारं. त्यामुळे यादी करण्याआधी दोनच गोष्टी बघा: प्रसूतीची तारीख कुठल्या ऋतूत येते आणि कपडे वाळणार कुठे.

1. लंगोट मोजा

पहिले दोन-तीन दिवस बाळ थोडीच शू करतं. पाचव्या-सहाव्या दिवसापासून मात्र दिवसाला सहा-आठ वेळा शू, शिवाय तीन-चार वेळा शी. काही बाळं तर प्रत्येक वेळी दूध प्यायल्यावर करतात. दिवसाला 10 ते 12 लंगोट धरा. विदर्भात एप्रिल-मेमध्ये सकाळी धुतलेलं दुपारी वाळतं, तिथे 24 लंगोट पुरतात. कोकणात किंवा मुंबईत जुलैमध्ये वाळायला दोन दिवस लागले, तर 36 हवेत. ओलसर लंगोट बांधला की दुसऱ्या दिवशी पुरळ दिसलंच म्हणून समजा. इस्त्री फिरवून शेवटची ओल काढता येते.

कापड मऊ, सुती, पांढरं किंवा फिकट असावं. नव्या कापडाला खळ असते, ती जाईपर्यंत ते पाणी शोषत नाही. म्हणून वापरण्याआधी दोनदा धुवा. कपडे मऊ करणारं सुगंधी द्रव घालू नका, त्याचा थर बसून कापडाची शोषण्याची ताकद कमी होते. जुन्या सुती साडीचे किंवा धोतराचे साधारण 60 सेंटिमीटर चौरस तुकडे तिकोनी घडी घालून बांधले, तर विकतच्यापेक्षा सरसच ठरतात.

डायपर रात्रीसाठी आणि बाहेर जाण्यासाठी. सर्वांत लहान मापाचं एकच छोटं पाकीट घ्या. हे माप बहुधा 5 किलोपर्यंत चालतं, पण बाळ दिवसाला 25-30 ग्रॅमनी वाढतं आणि घेतलेला साठा अंगावर पडतो. चड्डीसारखा नको, चिकटपट्टीचा घ्या. त्याची वरची कड नाळेखाली दुमडता येते.

2. झबली, टोपरी, दुपटी

बाळाची मान सावरलेली नसते, त्यामुळे डोक्यातून घालायचे कपडे नकोत. पुढे बांधायच्या नाड्या असलेली 8 झबली पुरतात. अगदी लहान मापाची दोन, बाकी तीन महिन्यांपर्यंतच्या मापाची. बारशाला कपड्यांचा ढीग येतो, तो हिशेबात धरा. टोपरी 3, पायमोज्यांचे 3 जोड. मोजे आणि हातमोजे उलटे करून आतले लोंबते धागे कापून टाका. असा धागा बोटाला गुंडाळला गेला की बोट सुजतं, आणि बाळ का रडतंय हे कळत नाही.

मलमलची साधारण एक मीटर चौरस दुपटी 6, शिवाय एक-दोन जाड. गुंडाळताना पाय सरळ करून आवळू नका. मांड्या बेडकासारख्या मोकळ्या राहिल्या पाहिजेत, नाहीतर खुब्याच्या सांध्यावर ताण येतो. मेणकापडाचे दोन तुकडे घ्या, पण त्यावर सुती कापड हवंच.

काही घरांत बाळ होण्याआधी नवं काही आणत नाहीत. अशा वेळी मावशी-आत्याकडची वापरलेली झबली-दुपटी धुऊन घ्या. ती मऊ असतात आणि त्यांची खळही कधीच गेलेली असते.

3. झोपायची जागा

सपाट, घट्ट गादी आणि बाळाच्या आकाराची मच्छरदाणी, बस्स. मोहरीची उशी, मऊ लोड, खेळणी काही नको. तोंडावर सैल काही आलं तर बाळाला ते बाजूला करता येत नाही. झोपवायचं पाठीवर.

4. न्हाणं आणि औषधांची डबी

लहान टब, मऊ सुती टॉवेल 2, सौम्य साबणाची एक वडी, खोबरेल, नखं कापायचं बारीक नेलकटर, कापूस, झिंक ऑक्साइडचं मलम. शी पुसायला कापूस आणि कोमट पाणी सुगंधी ओल्या रुमालांपेक्षा बरं. डिजिटल थर्मामीटर आधीच आणून ठेवा. काखेतलं तापमान 38 अंश सेल्सिअस किंवा जास्त असेल, तर घरचे उपाय न करता लगेच डॉक्टरांकडे न्या.

पावडर श्वासातून आत जाते, ती नको. काजळात शिसं असू शकतं. मध तर वर्षभर चाटवायचा नाही, त्यातून बॉट्युलिझम (जिवाणूच्या विषामुळे स्नायू लुळे पडण्याचा गंभीर आजार) होऊ शकतो. घुटीचं सामान कुणी आणलंच, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उगाळू नका. नाळेला काही लावायचं नसतं. कोरडी ठेवली की साधारण एक-दोन आठवड्यांत गळते.

5. दूध आणि बाळंतीण

बाटल्या आधी घेऊ नका. बाटल्या आणि डब्याच्या दुधाच्या जाहिरातींवर आपल्याकडे 1992 च्या कायद्याने बंदी आहे, ती उगीच नाही. दूध काढून पाजायची वेळ आली तर स्टीलची वाटी-चमचा किंवा बोंडलं उकळून वापरता येतं. आईसाठी पुढून उघडणारे 3 गाऊन आणि मोठ्या पॅडची 2 पाकिटं. हे यादीतून हमखास सुटतं.

6. बॅग

36 व्या आठवड्यापर्यंत दोन बॅगा भरा. बाळाच्या बॅगेत धुतलेली 4 झबली, 12 लंगोट, 3 दुपटी, 2 टोपरी आणि डायपर. आईच्या बॅगेत गाऊन, पॅड, टॉवेल, आधार कार्ड, माता व बाल संरक्षण कार्ड, रक्तगटासह सगळे रिपोर्ट. फाइल सर्वांत वर. बॅगा कुठे ठेवल्यात हे आईखेरीज घरातल्या आणखी एकाला तरी दाखवून ठेवा.