अंडी गार ठेवा, कोंबड्याला नंतर बोला

एप्रिल लागला की एकच गाऱ्हाणं कानावर येतं. "पंधरा अंडी बसवली, तीन पिल्लं निघाली. कोंबडा बाद झालाय." मग कोंबडा बाजारात जातो, दुकानातून टॉनिकची बाटली येते आणि पुढच्या रवणाला, म्हणजे अंडी बसवायच्या पुढच्या खेपेला, पुन्हा तेच. बहुतेक घरी अंडी पत्र्याखाली टांगलेल्या पाटीत साठवलेली असतात. पिल्लं त्या पाटीतच मेलेली असतात, कोंबडी बसायच्या आधीच.

कोंबडीचा एकच, डावा अंडाशय कामाचा असतो. बलक पिकला की सुटतो आणि अंडनलिकेच्या नरसाळ्यासारख्या तोंडात पडतो. कोंबड्याच्या बीजाने त्याला गाठायचं ते इथेच, पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत. त्यावर पांढरं चढलं की वाट बंद. पांढरं चढायला सुमारे तीन तास, आतल्या पातळ पापुद्र्याला सव्वा तास आणि कवचाला तब्बल १८ ते २० तास. एकूण २४ ते २६ तास. म्हणून अंडं रोज थोडं उशिरा येतं आणि दुपार टळायला लागली की एक दिवस खाडा पडतो. तो खाडा आजार नाही, त्यासाठी औषध आणू नका.

कोंबडा रोज लागलाच पाहिजे असंही नाही. बीज कोंबडीच्या आतल्या बारीक नळ्यांत साठून राहतं आणि दहा-चौदा दिवस अंडी फलित येतात. कडक उन्हात कोंबडा सुस्तावतो हे खरं, पण दहा कोंबड्यांमागे एक धडधाकट कोंबडा असेल तर सगळीच्या सगळी अंडी वांझ निघत नाहीत.

आता मुद्द्याचं. फलित अंडं बाहेर पडतं तेव्हा आतला जीव एक दिवसाचा झालेला असतो, कोंबडीच्या ४१ अंशांच्या उबेत वाढलेला. बाहेर गारवा मिळाला की तो झोपतो. त्यासाठी तापमान साधारण २० अंशांच्या खाली लागतं. उबवायला ३७.५ अंश लागतात. आपल्या पत्र्याखाली असतात ३२ ते ३६. एवढ्यात त्याला झोपही लागत नाही आणि नीट वाढताही येत नाही. अर्धवट वाढतो आणि मरतो. त्यात गावरान कोंबडी बारा-पंधरा अंडी घालून मगच खुडूक होते (अंडी थांबवून उबवायला बसते), म्हणजे पहिलं अंडं तोवर दोन-तीन आठवड्यांचं झालेलं असतं.

तेव्हा अंडी दिवसातून तीनदा उचला. दुपारचं अंडं संध्याकाळपर्यंत खुराड्यात पडू देऊ नका. पेन्सिलने तारीख टाका. एका माठात कोरडा भुसा भरा, माठ ओल्या वाळूत बसवा आणि तो घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवा. अंडी त्यात निमुळतं टोक खाली करून ठेवा. शिफारस १५ ते १८ अंशांत सात दिवसांची आहे. माठ तेवढा गार होत नाही, म्हणून मी उन्हाळ्यात चार दिवसांवर जात नाही. त्याआधीची अंडी खा किंवा विका. कोकणातल्या दमट हवेत माठाचा गारवा आणखी कमी, तिथे तीनच दिवस धरा. अंडी धुऊ नका, फ्रिजमध्येही ठेवू नका. माझा ठोकताळा असा: अंडं मिटलेल्या पापणीला लावायचं, गार लागलं तर ठीक, कोमट लागलं तर ते भुर्जीचं.

कोंबड्यावर संशय असेल तर बाटलीआधी ताजं अंडं फोडा. बलकावर लहान, घट्ट, वेडावाकडा पांढरा ठिपका म्हणजे वांझ. गोल कड्यासारखी पसरट खूण म्हणजे फलित. रोज स्वयंपाकात फुटणारी दोन-चार अंडी बघितली तरी हिशोब लागतो. बसवलेल्या अंड्यांना सातव्या रात्री टॉर्च लावा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर जीव आहे. रक्ताचं कडं दिसलं तर मेला. काहीच दिसलं नाही तरी लगेच वांझ म्हणू नका, फोडून ठिपका बघा. फार लवकर मेलेलं अंडंही टॉर्चला कोरंच दिसतं.

बाकीची कामं:

– पाणी सावलीत, दिवसातून तीनदा बदलून. दुपारी गूळ आणि चिमूटभर मीठ
– शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात, संध्याकाळी (कवच रात्री चढतं, धापा टाकणाऱ्या कोंबडीचं कवच पातळ होतं), पिल्लांना नाही
– पत्र्यावर तुराट्या किंवा पाचट, दुपारी पाणी
– पिल्लांना लासोटा (मानमोडीची पहिली लस) ५ ते ७ व्या दिवशी, गंबोरो रोगाची लस १४ व्या दिवशी, लासोटा पुन्हा २८ व्या दिवशी
– देवीची लस सहाव्या आठवड्यात, मानमोडीची आर-टू-बी आठव्या आठवड्यात
– लस बर्फातच आणायची, पहाटे किंवा रात्री द्यायची

दुकानदार कॅल्शियमची बाटली दाखवेल. एका कवचाला सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम लागतं, ते शिंपल्यातून मिळतं.

पारा ४२ च्या वर गेला की मी अंडी बसवतच नाही. मृगाचा पाऊस पडून हवा उतरली की बसवतो. तेव्हा खाली कोरडा भुसा हवाच, नाहीतर पिल्लांना रक्ती हगवण लागते. तोवर खुडूक झालेल्या कोंबडीला हवेशीर, जाळीच्या डालग्याखाली चार दिवस ठेवा, खाली पाचट न घालता. पोटाला हवा लागली की बहुतेक कोंबड्या उठतात आणि पुढे पुन्हा अंडी घालायला लागतात.