सत्कार करताय? मग आधी नाव नीट लिहा

बडोद्यात आपल्या मराठी मंडळांचं गणपती, कोजागिरी, वर्धापनदिन काही ना काही चालूच असतं आणि त्यात कुणाचा तरी सत्कार असतोच. शाल-श्रीफळ आणायला दहा जण धावतात पण मानपत्रावर नाव कसं जाणार हे कोणी बघत नाही, आणि माझ्या मते निम्मा मान तिथेच असतो.

पहिलं काम म्हणजे सत्कारमूर्तींना स्वतः फोन करा, त्यांच्या मुलाला किंवा शेजाऱ्यांना नाही. नाव पूर्ण हवं का, माहेरचं हवं का, आधी काय लावायचं, सगळं विचारा. बायकांच्या बाबतीत तर नक्कीच, कारण इथे पत्रिका बहुतेक गुजराती प्रेसमध्ये छापतात, त्यांच्यात लग्न झालेल्या बाईला श्रीमती लिहितात आणि नवरा गेलेला असेल तर गं. स्व. म्हणजे गंगास्वरूप, आपल्याकडची जुनी माणसं मात्र श्रीमती वाचलं की नवरा नाही असंच धरतात, म्हणजे काका पहिल्या रांगेत बसलेत आणि काकूंच्या नावाआधी श्रीमती! सौ., श्रीमती की नुसतं नाव, त्या सांगतील तेच छापा आणि प्रूफ स्वतः वाचा.

कोणाला पद्मश्री मिळालेली असेल तर ती नावाआधी लावू नका. राज्यघटनेच्या कलम १८ ने लष्करी आणि शैक्षणिक सोडून बाकी किताब बंद केले, आणि १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की भारतरत्न, पद्म पुरस्कार हे किताब नाहीत म्हणून नावाच्या पुढेमागे लावायचे नाहीत. मजकुरात लिहा, पद्मश्रीने सन्मानित, आणि साल टाका. मानद डॉक्टरेटचंही तसंच, विद्यापीठाचं नाव लिहा, डॉ. लावायचा संकेत नाही. मानद सचिव म्हणजे बिनपगारी सचिव, ते मात्र खुशाल लिहा.

जुन्या लोकांचा उल्लेख येत असेल तर त्यांचे किताब काढू नका. सर टी. माधवराव १८७५ ते १८८२ इथले दिवाण होते, ते सरच. उस्ताद फैयाज खाँ बडोद्याचे दरबारी गायक, पण आफताब-ए-मौसिकी हा किताब म्हैसूर दरबाराचा, तर कोणी दिला तेही लिहा.

आता मजकूर. थोर, अष्टपैलू, अजातशत्रू असले शब्द कुणालाही चालतात म्हणून ते कुणाचेच नसतात. त्यापेक्षा त्या बाईंनी दांडिया बाजारात किती वर्षं मुलांना फुकट गणित शिकवलं ते लिहा, तेच त्यांचं आहे. चार-पाच वाक्यं पुरे, मोठ्याने वाचायचं असतं हे लक्षात ठेवा.

स्टेजवर बाईंचा सत्कार बाईंच्याच हातून करायचा असेल तर कुंकू, ओटी हवी का तेही आधीच फोनवर विचारून ठेवा. नवरा गेलेल्या बाईंना परस्पर वगळू नका, हे मी कळवळून सांगतेय, चारचौघांत तबक आपल्याला टाळून पुढे गेलं की शालीने ते भरून येत नाही. शाल आधी, मग श्रीफळ, मग मानपत्राचं वाचन आणि मगच हातात देणं. बोलायला त्यांना वेळ द्या, पाहुण्यांच्या भाषणाच्या आधी, म्हणजे लोक उठायच्या आत होईल. आणि फ्रेम जड असते, कार्यकर्त्याने ती रिक्षापर्यंत नेऊन द्यावी.