नेपियरला युरिया : किती, कधी आणि कसा द्यावा

नेपियर हे वैरणीचं गवत एकदा लावलं की तीन-चार वर्षं बघायला नको, असं म्हणत आपण ते गोठ्यामागच्या तुकड्यात लावतो आणि रंग फिका पडला की युरियाची गोणी फेकून मोकळे होतो. त्या गोणीतलं बरंच नत्र जनावराच्या पोटापर्यंत पोचतच नाही. काही हवेत उडतं, काही पाण्याबरोबर मुळांच्या खाली जातं, आणि कधी कधी ताटातच इतकं साठतं की तीच वैरण गाईला बाधते.

हा लेख पाण्याखालच्या, कापून खाऊ घालायच्या संकरित नेपियरसाठी आहे. वाण फुले जयवंत असो, यशवंत असो, बीएनएच-१०, को-४ किंवा डीएचएन-६ असो, हिशेब तोच. गिनी गवत आणि पॅरा गवतालाही यातलं बहुतेक लागू पडतं. सांगायचं एकच आहे: युरिया सवयीने देऊ नका, वैरणीच्या वजनावर द्या.

पायरी १ : एका गुंठ्याचं वजन करा

कापणीच्या दिवशी एक गुंठा मोजून घ्या. त्यातली सगळी वैरण भारे बांधून ताणकाट्यावर तोला. हा आकडा हातात नसेल तर पुढचा सगळा हिशेब अंदाजपंचेच होणार. चांगल्या पाण्यावर, उन्हाळी किंवा पावसाळी हंगामात, ४०-४५ दिवसांच्या नेपियरचे गुंठ्याला साधारण ३०० किलो मिळतात, म्हणजे १० गुंठ्यांत ३ टन. तुमचे २०० निघाले तर २०० धरा. शेजाऱ्याचा आकडा उसना घेऊ नका.

आता या वैरणीतून रानातलं किती नत्र उचललं गेलं ते काढू. हिरव्या नेपियरमध्ये पाणीच जास्त असतं. १ टनात कोरडा भाग जेमतेम १८० किलो. त्यात १० टक्के प्रथिनं धरली तर १८ किलो झाली. प्रथिनांना ६.२५ ने भागलं की नत्र मिळतं, म्हणजे टनाला जवळपास ३ किलो. १० गुंठ्यांतून ३ टन वैरण गोठ्यात गेली म्हणजे एका कापणीत ९ किलो नत्र रानाबाहेर गेलं. वर्षाला सहा-सात कापण्या घेणाऱ्याने हा आकडा सहा-सात पट करून बघावा. नेपियर हे खादाड पीक का म्हणतात ते लगेच कळतं.

पायरी २ : युरियाचा आकडा काढा

गेलेलं सगळंच नत्र युरियातून भरायचं नसतं. जमिनीतला सेंद्रिय भाग कुजून काही देतो, शेणखत काही देतं. चांगल्या शेणखतात टनाला साधारण ५ किलो नत्र असतं, पण पहिल्या वर्षी त्यातलं निम्मंही पिकाला मिळत नाही. दरवर्षी शेणखत पडणाऱ्या रानात मागच्या वर्षांचं उरलेलं मिळत राहतं, म्हणून तिथे युरिया कमी लागतो. माझा ठोकताळा असा: शेणखत नियमित पडत असेल तर गेलेल्या नत्राच्या निम्मं, पडत नसेल तर दोन तृतीयांश युरियातून द्यावं.

३ टनांच्या उदाहरणात हे ४.५ ते ६ किलो नत्र होतं. युरियात नत्र ४६ टक्के, म्हणून नत्राला ०.४६ ने भागायचं. १० गुंठ्यांना दर कापणीनंतर १० ते १३ किलो युरिया झाला. एकराला, चांगल्या उत्पन्नाच्या हंगामात, ४५ किलोची साधारण एक गोणी. वेगवेगळ्या शिफारशींत कापणीमागे हेक्टरी २५ किलोपासून ७५ किलोपर्यंत नत्र वाचायला मिळतं आणि माणूस गोंधळून जातो. तुमचं रान किती वैरण देतं, यावर त्यातला तुमचा आकडा ठरतो.

इथे एक खुबी लक्षात ठेवा. मागच्या कापणीचं वजन फक्त मोजमापासाठी आहे. खत द्यायचं ते *पुढच्या* कापणीसाठी. नोव्हेंबरात भरघोस वैरण निघाली म्हणून डिसेंबरात भरघोस युरिया द्यायचा नाही, कारण थंडीत नेपियर झोपतं. रात्रीचं तापमान १०-१२ अंशांवर आलं की वाढ रेंगाळते, आणि न उचललेलं नत्र वाया जातं. नाशिक, नगर, पुण्याकडच्या थंडीत मी युरिया निम्म्याहून कमी करायला किंवा एक हप्ता सरळ सोडून द्यायला सांगेन. फेब्रुवारीत ऊन वाढून फुटवे जोर धरू लागले की पुन्हा पूर्ण मात्रा.

नॅनो युरियाबद्दल, म्हणजे पानांवर फवारायच्या बाटलीतल्या युरियाबद्दल, हल्ली सगळे विचारतात, म्हणून तोही हिशेब मांडतो. अर्ध्या लिटरच्या बाटलीत ४ टक्के नत्र असेल तर ते २० ग्रॅम, २० टक्के असेल तर १०० ग्रॅम. १ टन वैरण ३ किलो नत्र घेऊन जाते. फवारणीने पान तात्पुरतं हिरवं दिसेलही, पण कापून नेलेलं नत्र त्यातून भरून निघणार नाही. नेपियरला बाटलीच्या भरवशावर ठेवू नका.

पायरी ३ : दिवस निवडा

कापणी जमिनीपासून १०-१५ सेंटिमीटरवर, धारदार कोयत्याने करा. खोल कापलं तर बुडख्यातला साठा जातो आणि फुटवा उशिरा येतो. कापल्यावर पहिले काही दिवस ठोंब त्याच साठ्यावर जगतं, तेव्हा मुळं फारसं उचलत नाहीत. पाच-सात दिवसांनी खाली वाकून बघा: कापलेल्या ताटांच्या मधून आणि बुडाशी जमिनीलगत टोकदार, फिकट हिरवे कोंब बाहेर आलेले दिसतात, त्यांतल्या काहींची पहिली पानं उलगडलेली असतात. हे कोंब वीतभर होण्याच्या आत खत पडलं पाहिजे.

हलक्या, मुरमाड जमिनीत आणि पावसाळ्यात ही मात्रा दोन हप्त्यांत द्या, दुसरा हप्ता १२-१५ दिवसांनी. कोकण-गोव्याच्या जांभ्या जमिनीत तर पावसाळाभर हप्ते लहानच हवेत. तिथे एका मुसळधार पावसात बरंच नत्र मुळांच्या खाली जातं. पण दुसरा हप्ता आणि कापणी यांत किमान तीन आठवडे मोकळे सोडा. का, ते शेवटी येतं.

पायरी ४ : युरिया मातीआड करा

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. ओल्या जमिनीवर पडलेला युरियाचा दाणा विरघळतो. मातीतलं आणि पालापाचोळ्यातलं युरिएज नावाचं विकर त्याचं अमोनियात रूपांतर करतं. हे मातीच्या आत घडलं तर अमोनियम कणांना चिकटून राहतं; पृष्ठभागावर घडलं तर वायू होऊन उडून जातं. चुनखडीच्या काळ्या रानात, ८ च्या आसपास सामू (पीएच), वर कडक ऊन आणि खाली ओल असेल तर चौथा-तिसरा हिस्सा असा हवेत जाऊ शकतो. सकाळच्या दवावर फेकलेला आणि पाण्याची पाळी चार दिवसांनी असलेला युरिया हे याचं नेहमीचं चित्र. दवानं ओली पानं असतील तर दाणे पानांच्या बेचक्यात अडकून तिथे करपल्याचे डागही पडतात.

पाटपाण्यावर असाल तर वाफसा येऊ द्या, सरीच्या बगलेला ठोंबापासून चार-सहा बोटांवर युरिया टाका, कुदळीने किंवा कोळप्याने माती ओढा आणि मग हलकं पाणी द्या. हलकं म्हणजे पाणी सरीत तुंबणार नाही इतकं. तुंबलेल्या पाण्यात, अमोनियमपासून मातीत बनलेल्या नायट्रेटचा वायू होऊन जातो, आणि भरमसाट पाण्याने नत्र खाली उतरतं. मजूर मिळत नसेल तर निदान संध्याकाळी, पानं कोरडी असताना, जमिनीवर टाका आणि त्याच रात्री पाणी सोडा. पावसाळ्यात रिमझिम पावसाआधी टाकलेला युरिया आपोआप मातीत जातो. ढगफुटीच्या अंदाजाआधी टाकू नका.

ठिबक असेल तर निम्मं काम सोपं. युरिया पाण्यात पूर्ण विरघळतो. विरघळताना टाकी गार पडते, ते नैसर्गिक आहे. पाण्याची वेळ तीन भागांत वाटा: पहिला भाग नुसतं पाणी, मधला भाग व्हेंचुरीतून (ठिबकच्या पाण्यात खत ओढून घेणाऱ्या जोडणीतून) युरिया, शेवटचा भाग पुन्हा नुसतं पाणी, म्हणजे नळ्याही धुतल्या जातात.

चुलीची राख किंवा चुना त्याच दिवशी युरियासोबत टाकू नका, अमोनिया आणखी वेगाने उडतो. बाजारात मिळणारा देशी युरिया २०१५ पासून कडुनिंबाचं लेपन केलेलाच येतो. त्याने अमोनियमचं नायट्रेट होणं मंदावतं, पण वर पडलेल्या दाण्यातून अमोनिया उडणं थांबत नाही. माती ओढणं चुकत नाही.

पायरी ५ : पिवळेपणा ओळखून मग गोणीला हात लावा

नत्र कमी पडलं की खालची, जुनी पानं आधी पिवळी पडतात. टोकापासून मधल्या शिरेच्या बाजूने पिवळा पट्टा आत सरकत जातो. वरची, नवी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या असतील तर तो केवडा, म्हणजे लोहाची कमतरता. चुनखडीच्या रानात हा नेहमी दिसतो. त्यावर युरिया वाढवून उपयोग नाही. फेरस सल्फेटची फवारणी लागते. नवी पानं सरसकट फिकट असतील तर गंधक तपासा, आणि एखाद्या हप्त्याला युरियाऐवजी अमोनियम सल्फेट वापरून बघा; त्यात नत्राबरोबर गंधकही असतो.

आणि दर वर्षी एक सरी बिनयुरियाची सोडा. कापणीला तिचं वजन वेगळं करा. फरक मोठा असेल तर खत फेडतंय. फरक नगण्य असेल तर अडचण नत्राची नाही, पाण्याची, स्फुरदाची (फॉस्फरस) किंवा पालाशची (पोटॅश) आहे. कापून नेलेल्या नेपियरबरोबर पालाश नत्राइतकाच, कधी जास्तही जातो. नुसत्या युरियावर दोन-तीन वर्षं चालवलेल्या नेपियरची ठोंबं मधूनच मरू लागतात ती बहुधा यामुळे. माती परीक्षणानुसार वर्षातून दोनदा तरी पालाश द्या.

गोठ्यातलं मूत्र नाल्याला सोडत असाल तर ते आधी थांबवा. गाय खाल्लेलं बरंच नत्र मूत्रातून बाहेर टाकते. गव्हाणीमागे पक्की नाली काढून एका टाकीत जमवा आणि पाण्यात मिसळून नेपियरला सोडा. युरियाची मात्रा त्या हिशेबाने कमी होते. नेपियरच्या तीन ओळींनंतर दशरथ गवताची एक ओळ घेतली तर हवेतलं नत्र बांधणारं पीकही मिळतं आणि गव्हाणीत प्रथिनंही वाढतात.

पायरी ६ : वैरण जनावरापुढे टाकण्याआधी

नेपियर नत्र नायट्रेटच्या रूपात उचलतं आणि ऊन, पाणी व्यवस्थित असेल तर त्याची प्रथिनं बनवतं. भरपूर युरिया पडला आणि मग पाण्याचा ताण, सलग ढगाळ दिवस किंवा थंडी आली तर उचलणं चालू राहतं, प्रथिनं बनणं अडतं. नायट्रेट ताटाच्या खालच्या भागात साठतं. कोरड्या वजनात ते १ टक्क्याच्या वर गेलं की धोका मानतात, गाभण जनावराला त्याआधीच.

म्हणून युरियानंतर तीन आठवडे कापू नका. ताणानंतर पहिला पाऊस पडून एकदम तजेला आलेली वैरण चार-पाच दिवस थांबून कापा. शंका असेल तर वितभर उंच कापा, बुडखा रानातच राहू द्या. एकदम पोटभर न देता कडबा किंवा सुका चारा मिसळा आणि उपाशी जनावरापुढे कधीच टाकू नका. वाळवून नायट्रेट जात नाही. मूरघासात मात्र साधारण निम्मं कमी होतं. अशा वैरणीचा मूरघास केला तर पहिल्या काही आठवड्यांत खड्ड्यातून पिवळसर-तपकिरी वायू येऊ शकतो, त्यात कुणी उतरू नये. युरियाच्या गोण्या, खताची टाकी आणि गोणी धुतलेलं पाणी जनावरांच्या तोंडापासून लांब ठेवा, युरिया चाटूनही जनावर दगावतं.

खाल्ल्यावर काही तासांत जनावर धापा टाकू लागलं, झोकांड्या खाऊ लागलं, हिरड्या तपकिरी-मातकट दिसल्या, तर वेळ घालवू नका, पशुवैद्यकांना फोन करा आणि वैरण नेपियरची होती, युरिया कधी दिला होता, हे फोनवरच सांगा. त्यावर शिरेतून मिथिलीन ब्लू देतात, ते डॉक्टरांचंच काम आहे. ते येईपर्यंत जनावराला चालवू-पळवू नका, गव्हाणीतली उरलेली वैरण सगळ्या जनावरांपुढून उचला आणि तिचा मूठभर नमुना पिशवीत बांधून बाजूला ठेवा.