पड जमिनीवर गोदाम उभारायचंय? आधी झोन दाखला काढा

शिरवळजवळ आमचा ७२ गुंठ्यांचा गट. वडील गेल्यापासून पडच होता, कुसळं आणि चार बाभळी. तिथे गोदाम आणि दर्शनी बाजूला कार्यालय बांधायचं, असं आम्हा तिघा भावंडांचं ठरलं आणि कागदांचं काम माझ्याकडे आलं. सल्लागार म्हणाले, "ताई, आधी एनए करून टाकू." एनए म्हणजे बिगरशेती वापराची परवानगी. त्या नादात आठ महिने गेले. आमचा गट प्रादेशिक योजनेत शेती विभागात होता आणि आम्हाला हवं तसं गोदाम त्या विभागात बसतच नव्हतं.

एनए वेगळं, झोन वेगळा. जमिनीवर काय उभं राहू शकतं, हे योजनेच्या नकाशावर ठरतं. त्याचा कायदा १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम. एनए महसूल खात्याचं. म्हणून सगळ्यात आधी नगररचना कार्यालयातून झोन दाखला, म्हणजे गट योजनेत कोणत्या विभागात येतो याचा दाखला, आणि भाग नकाशा घ्या. नकाशात शेजारचे गट नीट बघा. औद्योगिक विभाग लागूनच असेल, तर बदलाच्या मागणीला बळ येतं.

सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क' रकाना शब्द न् शब्द वाचा. कुळाची नोंद, सोसायटीच्या कर्जाचा बोजा, भोगवटादार वर्ग २ (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) हे तर आहेच. पण आमच्या खंडाळा तालुक्यासारखा धरणाच्या लाभक्षेत्राचा भाग असेल, तर पुनर्वसनासाठीच्या हस्तांतरण बंदीचा शेराही सापडू शकतो. असा शेरा उठल्याशिवाय पुढे एक रुपयाही घालू नका. पाटबंधारे खात्याची ना-हरकतही लवकर मागा.

आता रस्ता. माझ्या मते अर्धं काम इथेच आहे. आमची वहिवाट बैलगाडीची, दहा फुटांची. ४० फुटी कंटेनर तिथून आत कसा वळणार? सरकारी मोजणी करून घेतली, मग शेजारच्या दोन गटांच्या मालकांशी बोलून रुंद रस्त्याचा नोंदणीकृत करार केला. तोंडी शब्दावर राहू नका. पुढच्या पिढीला तो शब्द माहीत नसतो. जमीन महामार्गालगत असेल तर इमारत रेषा आणि नियंत्रण रेषा आधी आखून बघा, कारण त्यांच्या आत बांधकामाला जागा उरत नाही. महामार्गावर उतरायची परवानगी तर वेगळीच घ्यावी लागते. एवढं वजा करून उरलेल्या जागेतच शेड, ट्रक उभे करायची जागा आणि अग्निशमनाच्या गाडीला फिरायची वाट बसवायची.

मग विभाग बदलून मागण्याचा, म्हणजे फेरबदलाचा प्रस्ताव. प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात त्याच १९६६ च्या अधिनियमाचं कलम २०, नगरपालिकेच्या किंवा महापालिकेच्या विकास योजनेत कलम ३७. अर्जासोबत सातबारा, फेरफार, मोजणी नकाशा, झोन दाखला, रस्त्याचा पुरावा आणि हा बदल का हवा याचं साधं टिपण जोडा. पाणी कुठून, वीज कुठून, ट्रक किती येणार, हे टिपणात स्पष्ट लिहा. बदलासाठी रेडी रेकनरच्या (जमिनीच्या सरकारी मूल्याच्या) दराशी जोडलेलं अधिमूल्य भरावं लागतं. त्याचा आकडा आधी लेखी विचारून घ्या आणि त्यानंतरच बँकेशी बोला.

पुढे राजपत्रात नोटीस निघते, हरकती मागवतात, सुनावणी होते. नोटिशीची वाट न बघता त्याआधीच शेजाऱ्यांच्या ओट्यावर जाऊन बसा. आमच्या खालच्या अंगाच्या काकांनी विचारलं, "तुम्ही भराव घातलात की ओढ्याचं पाणी माझ्या उसात येणार, त्याचं काय?" त्यांचं म्हणणं अगदी खरं होतं. आम्ही ओढा नकाशावर जसाच्या तसा ठेवला, दोन्ही काठ मोकळे सोडले आणि शेड वरच्या बाजूला सरकवली. चार हजार चौरस फूट कमी झाले. सुनावणीला काका आले, पण हरकत घ्यायला नव्हे; ओढा राखलाय, एवढंच सांगून गेले.

औद्योगिक विभाग मंजूर झाल्यावर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ४४-अ कामाला येतं: खऱ्याखुऱ्या औद्योगिक वापराला एनएची पूर्वपरवानगी लागत नाही, पण वापर सुरू केल्यापासून ३० दिवसांत महसूल कार्यालयाला कळवावंच लागतं. तुमचं गोदाम त्या व्याख्येत बसतं का, हे तहसील कार्यालयातून लेखी घ्या. बांधकाम नकाशाची मंजुरी आणि अग्निशमन ना-हरकत त्यानंतर. दोन्ही हातात येईपर्यंत आम्ही एक बाभूळसुद्धा तोडली नाही.