टँकमध्ये ड्रिफ्टवुड घालण्याआधी करायची तयारी

नवं ड्रिफ्टवुड, म्हणजे माशांच्या टँकमध्ये सजावटीला ठेवायचं लाकूड, घरी आणलं की ते थेट टँकमध्ये ठेवू नका. लाकडातलं टॅनिन, म्हणजे तपकिरी रंग देणारं नैसर्गिक द्रव्य, पाण्यात उतरतं आणि थोड्याच दिवसांत टँक कोऱ्या चहासारखा दिसायला लागतो. माशांना सहसा त्याचा त्रास नसतो, पण रंग नको असेल तर सगळी मेहनत लाकूड बाहेर असतानाच घ्यावी. एकदा ते वाळूत रोवलं, त्यावर मॉस बांधलं, की पुन्हा उपटून उकळणं जिवावर येतं.

तयारी दुकानातच सुरू होते. लाकडावर नख दाबून पाहा. ते सहज रुतलं तर लाकूड आतून कुजलेलं आहे, घेऊ नका. समुद्रकिनाऱ्यावर सापडलेलं लाकूड कितीही देखणं असलं तरी त्यात मीठ मुरलेलं असतं, आणि चिडाच्या लाकडात राळ असते, दोन्ही टाळा. मोपानी आणि मलेशियन ड्रिफ्टवुड भरपूर रंग सोडतात, स्पायडरवुड त्या मानाने कमी. टँकमध्ये आफ्रिकेतल्या मलावी तळ्याचे सिक्लिड मासे असतील तर लाकडाऐवजी दगड घ्या, कारण त्यांना अल्कधर्मी पाणी लागतं आणि टॅनिन पाणी आम्लाकडे झुकवतं.

घरी आणल्यावर कडक ब्रशने सालीचे तुकडे आणि माती घासून काढा. साबण अजिबात नको, लाकूड तो शोषून घेतं. मग उकळणं. माझ्या मते सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो. लाकूड पूर्ण बुडेल असं स्टीलचं जुनं पातेलं घ्या; लोखंडी घमेलं नको, लोखंड आणि टॅनिन एकत्र आले की पाणी शाईसारखं काळं होतं. तास-दीड तास उकळा, पाणी ओता, नवीन पाणी घालून पुन्हा उकळा. उकळल्याने बुरशीचे बीजाणू आणि किडे मरतात, शिवाय लाकूड पाणी पिऊन जड होतं आणि टँकमध्ये तरंगत नाही. मात्र तासन्‌तास उकळत ठेवलं तर त्याचे तंतू सैल पडतात, म्हणून दोन-तीन फेऱ्यांवर थांबा. पातेल्यात न मावणारं लाकूड पिंपात दगडाखाली दाबून ठेवा, वरून गरम पाणी ओता आणि रोज पाणी बदला. याला आठवडा-दोन आठवडे लागतात, मोपानीला त्याहूनही जास्त. घाई नको. लाकूड रात्रभर ज्यात भिजलं ते पाणी काचेच्या ग्लासात घेऊन पांढऱ्या कागदासमोर धरा. रंग जेमतेम जाणवला की लाकूड तयार.

एवढं करूनही थोडा रंग उतरणारच, म्हणून टँकचीही तयारी ठेवा. ॲक्टिव्हेटेड कार्बन, म्हणजे रंग शोषणारा कोळसा, आधी नळाखाली धुवा, म्हणजे काळी पूड टँकमध्ये जाणार नाही, आणि फिल्टरमध्ये स्पंजच्या पुढच्या टप्प्यात ठेवा. तो महिन्याभरात बदलावा लागतो, आणि माशांना औषध देताना काढून ठेवावा लागतो, कारण तो औषधही शोषतो. प्युरिजेन हे फिल्टरमध्ये ठेवायचे रंग शोषणारे दाणे महाग आहेत, पण रंग छान ओढतं आणि ब्लीचने धुऊन पुन्हा वापरता येतं. पाणी आठवड्याला पाव टँक बदला, नळाच्या पाण्यात क्लोरीन काढणारं अँटिक्लोर घालून. रंग पाहून घाबरून सगळं पाणी एकदम बदलू नका, त्या झटक्याने मासे दगावू शकतात.

पीएच (पाणी आम्ल की अल्कधर्मी) आणि केएच (पीएच स्थिर ठेवणारी कार्बोनेट कठीणता) तपासायची टेस्ट किट जवळ असू द्या. बोअरच्या जड पाण्यात टॅनिनमुळे पीएच फारसा हलत नाही; धरणाच्या मऊ पाण्यात तो खाली येऊ शकतो. तुमचे मासे कार्डिनल टेट्रा किंवा बेट्टा असतील तर हा रंग काढण्याआधी जरा विचार करा. कार्डिनल ॲमेझॉन खोऱ्यातल्या रिओ नेग्रोच्या गडद पाण्यातलेच आहेत, आणि बेट्टासाठी कितीतरी जण टॅनिनसाठीच मुद्दाम देशी बदामाची वाळलेली पानं टाकतात.

नव्या लाकडावर पांढरा, बुळबुळीत थर आला तर तो ब्रशने काढा किंवा गोगलगाई आणि श्रिंपवर सोपवा, ते आवडीने खातात. पण पाणी तपकिरी न होता दुधाळ झालं तर तो टॅनिनचा रंग नव्हे, जिवाणू वाढलेत, अमोनिया तपासा. आणि लाकडाला सडक्या अंड्यासारखा वास आला तर ते त्याच दिवशी बाहेर काढा.