तोंड आखडतंय? खर्रा खाणाऱ्यांनी या चुका टाळा

तर्रीचा पहिला घास घेतला की गाल जळतात. गावाकडे बहुतेक जण ‘उष्णता झाली’ म्हणत गुलकंदावर नाहीतर बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्यांवर भागवतात आणि पानठेल्यावरचा खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुन्याचं मिश्रण, चालूच राहतो. ही सगळ्यात महाग पडणारी चूक. खर्रा खाणाऱ्याला तिखट न सोसणं ही बहुतेकदा ओरल सबम्युकस फायब्रोसिसची, म्हणजे तोंड आतून आखडत जाण्याच्या रोगाची, पहिली खूण असते. पुढे गालाची आतली कातडी पांढुरकी पडते, बोट फिरवलं तर उभे ताठ पट्टे लागतात, आणि मग तोंड कमी उघडू लागतं.

‘तंबाखू सोडली, आता नुसती सुपारी खातो’ असं समाधानानं सांगणारे खूप भेटतात. या रोगाचं मूळ सुपारीच आहे! तिच्यातल्या अरेकोलीन या द्रव्यामुळे गालात कोलॅजेनचे तंतू गरजेपेक्षा जास्त बनतात आणि तिच्यातल्याच तांब्यामुळे ते एकमेकांत घट्ट जखडले जातात. शरीराला ते सहजी मोडता येत नाहीत, म्हणून आखडलेलं तोंड आपोआप पूर्ववत होत नाही. भाजलेली, सुगंधी, गोड, कुठलीही सुपारी नको.

तोंड किती उघडतं हे अंदाजानं ठरवू नका. आपलीच तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका एकावर एक धरून वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये घाला. तिन्ही बसायला हवीत. दोनच बसत असतील तर दंतवैद्याकडे जायला उशीर करू नका. दर महिन्याला स्वच्छ पट्टीनं त्याच दोन दातांच्या कडांमधलं अंतर मोजून तारखेसह लिहा. मोठ्या माणसात ते साधारण ३५ मिमीच्या वर असतं.

अक्कलदाढेनंही तोंड अडकतं, पण तिथं एका बाजूला ठणका आणि सूज असते, नि ते काही दिवसांतच होतं.

या रोगावर गालात इंजेक्शनं घेऊन थोडं मोकळं वाटलं की लोक तोंड उघडण्याचा व्यायाम सोडतात. ऑपरेशननंतरही तेच. मग पट्टे पुन्हा आवळतात. व्यायाम असा: आइस्क्रीमच्या चपट्या काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या, आणि दंतवैद्य सांगेल तसतशी एकेक वाढवायची. जोर लावून तोंड फाकवलं तर कातडी फाटते.

दोन आठवड्यांत न भरलेली जखम, लाल किंवा पांढरा चट्टा असेल तर चुना-हळद लावत बसू नका. नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात किंवा जिल्हा रुग्णालयात दाखवा. तुकडा काढून तपासल्यानं कॅन्सर पसरतो, ही भीती खोटी आहे.