नळदुर्गचा पाणीमहाल: बोरीच्या दरीवरचा बांध कसा पाहावा

पाऊस झाला म्हणून नळदुर्गला निघू नका, बोरी धरण भरलं की निघा. किल्ल्यातले नर आणि मादी हे दोन्ही धबधबे गावात किती पाऊस पडला यावर वाहत नाहीत. नदीच्या वरच्या अंगाला असलेलं धरण भरून सांडव्यातून पाणी सुटलं, की ते वाहू लागतात. जुलैत चार दिवस झड लागली तरी आपल्याकडे धरणाच्या तळाला चिखलच असतो. खरी आवक बहुतेक वेळा सप्टेंबरात, परतीच्या पावसात होते आणि एखाद्या वर्षी होतच नाही. सांडवा सुरू झाल्याची बातमी वर्तमानपत्रात धाराशिवच्या पानावर येते. नाहीतर तुळजापूर-नळदुर्गकडच्या कुणा पाहुण्याला फोन करून विचारून घ्या. सांडवा बंद असला तरी किल्ला पाहण्याजोगाच आहे, फक्त मग धबधब्याची आशा धरून येऊ नका.

नळदुर्ग सोलापूर-हैदराबाद महामार्गावर आहे. सोलापूरहून साधारण ४५ ते ५० किलोमीटर, तुळजापूरहून ३५च्या आसपास. सोलापूरहून उमरग्याकडे जाणारी एसटी इथे थांबते. गाडीने येत असाल तर दरी दिसली म्हणून महामार्गाच्या कडेला थांबू नका. मागून भरधाव ट्रक येत असतात. सरळ गावात वळा आणि किल्ल्याच्या दरवाजापाशी गाडी लावा. कोजागरीच्या आधीचे दोन-तीन दिवस शक्यतो टाळा, कारण तुळजापूरला पायी निघालेल्या भाविकांनी रस्ते भरलेले असतात. पौष पौर्णिमेला इथे खंडोबाची यात्रा असते, तेव्हाही गाडी लावायला जागा मिळत नाही.

तिकीट काढतानाच पाणीमहाल, म्हणजे बांधाच्या पोटातला महाल, आज उघडा आहे का, ते विचारा. पाणी फार वाढलं असेल तर खाली सोडत नाहीत आणि ते योग्यच आहे.

आत गेल्यावर बहुतेकजण थेट बांधाकडे धावतात. आधी उपळ्या बुरुजावर चढा. पायऱ्या सत्तरच्या वर आहेत आणि उंच आहेत, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनी दमाने चढावं. हत्ती तोफ आणि मगर तोफ वरच आहेत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सगळी मांडणी इथून एका नजरेत कळते: अलीकडे नळदुर्ग, पलीकडे रणमंडळ, मधे बोरीची दरी आणि दोन्ही किल्ल्यांना जोडणारा काळ्या दगडाचा बांध. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३च्या सुमारास तो बांधला गेला. पाणी अडवायचं, रणमंडळाला जायला वाट करायची आणि बांधाच्या पोटात महालही काढायचा, अशी तिन्ही कामं त्याने एकाच भिंतीत साधली.

आता बांधावर या. माथ्यावर उभं राहून धबधबा दिसत नाही, नुसतं पाणी निसटताना दिसतं. बरेच लोक इथेच फोटो काढून परत फिरतात आणि हळहळतात. खाली उतरणाऱ्या जिन्याने पाणीमहालात जा. जिना अंधारा आणि ओला असतो, दगडावर शेवाळ धरलेलं असतं. गुळगुळीत तळाची चप्पल इथे हमखास घसरते, म्हणून खाचा असलेले बूट घाला. एक हात भिंतीला टेकवून एकेक पायरी उतरा, टॉर्च दुसऱ्या हातात ठेवा. मोबाईल खिशात.

नर आणि मादी यांच्या वाटा महालाच्या दोन बाजूंना काढल्या आहेत. लोंढा दोन्हीकडून कोसळत असताना मधली दालनं उभी राहतात ती त्यामुळे. दरीकडच्या कमानीशी उभे राहिलात की दोन्ही कानांत पाण्याचा आवाज घुमतो, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, अंगावर बारीक तुषार येतात. महालातला फारसी लेखही पाहा. हा महाल पाहून मित्रांचे डोळे उजळतील आणि शत्रूंच्या डोळ्यांपुढे अंधारी येईल, अशा अर्थाचा मजकूर त्यात आहे. लहान मुलांचा हात सोडू नका. कठड्यावर बसून फोटो काढणं तर अजिबात नको, तिथला दगड कायम ओला असतो.

वर येऊन बांध ओलांडा, रणमंडळाच्या बाजूला जा आणि मागे वळून पाहा. पूर्ण बांध आणि पडणारं पाणी इथून नीट दिसतं. तुषारांत इंद्रधनुष्य हवं असेल तर ऊन पाठीशी येईल अशी जागा शोधा, समोर सूर्य असेल तर ते दिसणार नाही. भिंगावर दर मिनिटाला पाणी बसतं, ते पुसायला सुती फडकं जवळ ठेवा.

पाण्याचा रंग अचानक गढूळ झाला किंवा आवाज वाढला, तर वरून विसर्ग वाढला असं समजा आणि तडक किल्ल्याच्या बाजूला परत या.

नवबुरूज शेवटी पाहा. नऊ पाकळ्यांसारख्या त्याच्या बांधणीला निवांत वेळ द्यायला हवा. हे सगळं नीट पाहायला तीन ते चार तास लागतात. पाणी आणि भाकरी-चटणी सोबतच आणा, जेवणं गावात जाऊन करायची म्हटलं तर दुपार मोडते.